विश्लेषण : महिनोन्‌महिने ‘रक्ती आव’ की अल्सरेटिव्ह कोलायटिस? चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार का निसटतो?

शौचातून रक्त पडले की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत दोन नावे तयार असतात. एक आव, दुसरे मूळव्याध. बहुतेक वेळा यातले एक नाव बरोबरही निघते. दूषित पाण्यामुळे होणारी आव या भागाला नवी नाही. पाच-सात दिवसांच्या गोळ्या घेतल्या की माणूस पुन्हा धानाच्या बांधीत कामाला लागतो.

काहींचे रक्त मात्र थांबत नाही. गोळ्यांचा दुसरा कोर्स होतो, तिसरा होतो. मधल्या काळात वजन उतरते, चेहरा पांढरा पडतो, रात्री दोन-तीनदा उठावे लागते. अशा रुग्णांपैकी काहींना अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा दीर्घकालीन आजार असू शकतो. त्यावर औषधे आहेत आणि मुख्य औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अडचण दोनच ठिकाणी येते : आजार वेळेत ओळखला जात नाही आणि ओळखला तरी गोळ्यांत खंड पडतो. जंगल जिल्ह्यांतल्या या दोन्ही अडचणी मोठ्या इस्पितळांची वाट न पाहता बऱ्याच अंशी सोडवता येतील.

हा आजार नेमका काय आहे?

मोठे आतडे म्हणजे पचनमार्गाचा शेवटचा, सुमारे दीड मीटर लांबीचा भाग. त्याच्या आतील अस्तरावर शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती चालून जाते, तेव्हा तिथे सूज येते आणि बारीक व्रण होतात. त्यातून रक्त आणि शेंबासारखा चिकट पदार्थ पडू लागतो. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि मध्ये जागा न सोडता वर पसरत जाते. काहींत ती गुदाशयापुरतीच राहते, काहींत आतड्याच्या डाव्या भागापर्यंत जाते, तर काहींत पूर्ण मोठे आतडे व्यापते.

या आजाराचे नाव जुने आहे. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल विल्क्स यांनी ते १८५९ मध्ये वापरले होते. मात्र एकच एक कारण आजही हाती लागलेले नाही. आनुवंशिकता, आतड्यातील जिवाणूंचे बिघडलेले संतुलन आणि बदललेली राहणी यांचा त्यात वाटा असल्याचे मानले जाते. हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एकच संडास वापरल्याने किंवा लग्नसंबंधाने तो पसरत नाही. तो करणीने होत नाही आणि कुणाच्या पापाचे फळही नाही.

बहुतेकांत त्याची सुरुवात १५ ते ३५ या वयात होते, म्हणजे शिक्षण, लग्न आणि कमाईच्या काळात. त्याची चाल ऊन-सावलीसारखी असते. काही काळ भडका उडतो, मग कित्येक महिने किंवा वर्षे सारे शांत असते. ही शांतता म्हणजे आजार गेला, असा समज होणे हीच पुढच्या भडक्याची सुरुवात ठरते.

हा तर श्रीमंत देशांचा आजार ना?

तसे अनेक वर्षे मानले गेले. पण लुधियानातील डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी जाऊन ५१ हजार ९१० लोकांची पाहणी केली, तेव्हा त्यांना या आजाराचे २३ पक्के रुग्ण सापडले. म्हणजे लाखामागे सुमारे ४४. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतात हा आजार नगण्य असल्याच्या समजाला धक्का बसला.

पंजाबचा दर विदर्भाच्या जंगलपट्ट्याला जसाच्या तसा लावता येत नाही. तिथले खाणे, हवापाणी, लोक सगळेच वेगळे आहे. पण अंदाज यावा म्हणून त्या दराचा फक्त चौथा हिस्सा धरून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २२ लाख आणि गडचिरोलीची पावणेअकरा लाख. या हिशेबाने दोन्ही जिल्ह्यांत मिळून साडेतीनशेवर रुग्ण असायला हवेत. त्यातल्या अनेकांच्या हातात आजही ‘आव’ किंवा ‘मूळव्याध’ असे लिहिलेली चिठ्ठी असण्याची शक्यता आहे.

आव, मूळव्याध आणि कोलायटिस : फरक कसा ओळखायचा?

मूळव्याधीत साधारणपणे शौचाच्या शेवटी लाल रक्त थेंबाथेंबाने किंवा धारेने पडते. शौच एरवी नेहमीसारखी किंवा कडक असते. जिवाणूंमुळे होणारी आव अचानक सुरू होते, बरोबर ताप येतो आणि बहुधा आठवडा-दहा दिवसांत ती आटोक्यात येते. अमिबाची आव थोडी लांबू शकते, पण योग्य औषधाला दाद देते.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये रक्त शौचात आणि शेंबात मिसळलेले असते. पोटात मुरडा येतो, संडासाची घाई इतकी होते की क्षणभरही थांबता येत नाही, आणि जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. रात्रीची झोप मोडून उठावे लागणे ही महत्त्वाची खूण आहे. नुसत्या ‘नाजूक पोटा’चा त्रास सहसा झोपेतून उठवत नाही. काहींचे सांधे दुखतात, डोळे लाल होतात, पायावर दुखऱ्या गाठी येतात. पोटाच्या आजाराशी त्यांचा संबंध असेल, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

आतड्याचा क्षयरोग हा या यादीतला आणखी एक बहुरूपी. तो सहसा लहान आणि मोठे आतडे जिथे जुळतात तिथे असतो. पण लक्षणांवरून दोघांत फरक करणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते.

म्हणून दिवस मोजणे हा सर्वांत सोपा निकष. रक्तमिश्रित शौच दोन-तीन आठवड्यांहून अधिक चालली, किंवा औषधाने थांबून पुन्हा पुन्हा सुरू झाली, तर ती ‘साधी आव’ समजू नये. पुढची तपासणी व्हायलाच हवी.

तपासणीत काय करतात?

पहिली पायरी शौचाची तपासणी. मलेरियाची स्लाइड पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो, त्यामुळे या भागातील आरोग्य केंद्रांना तो परका नाही. पण एक मेख आहे. अमिबाचा एक निरुपद्रवी भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसाच दिसतो. म्हणून ‘अमिबा दिसला’ एवढ्यावर महिनोन्‌महिने तीच गोळी देत राहणे चुकीचे. एक नीट कोर्स होऊनही रक्त थांबत नसेल, तर अमिबावरचा संशय सोडावा लागतो.

दुसरी पायरी रक्ताची. हिमोग्लोबिन आणि सूज दाखवणाऱ्या चाचण्या होतात. शौचातील ‘कॅलप्रोटेक्टिन’ या प्रथिनाची चाचणी आतड्याला सूज आहे की नाही हे सांगते, पण ती मोठ्या प्रयोगशाळांतच होते.

निर्णायक तपासणी दुर्बिणीची. कोलोनोस्कोपीत संपूर्ण मोठे आतडे पाहतात आणि अस्तराचा बारीक तुकडा तपासायला पाठवतात. पण हा आजार गुदाशयापासून सुरू होतो, हे इथे उपयोगी पडते. उपचार झालेले नसतील तर आतड्याचा शेवटचा भाग पाहणारी छोटी दुर्बीण, म्हणजे सिग्मॉयडोस्कोपी, संशय पक्का करायला बहुधा पुरेशी असते. तिला तयारी कमी लागते, वेळ कमी लागतो. पूर्ण तपासणी पुढे करता येते.

निदान होण्याआधी स्टेरॉइड का घेऊ नये?

आठवडी बाजारात बसणाऱ्या झोलाछाप डॉक्टरच्या पुडीत किंवा इंजेक्शनमध्ये स्टेरॉइड असणे ही ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. कोलायटिसच्या रुग्णाला त्याने चार दिवसांत बरे वाटते, आणि धोका तिथेच आहे.

आजार खरोखर अमिबाचा असेल, तर स्टेरॉइडमुळे तो भडकून आतडे फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. आतड्याचा क्षयरोग असेल, तर तो पसरतो. अनवाणी चिखलात काम करणाऱ्यांच्या शरीरात पायाच्या कातडीतून शिरणारा स्ट्राँगिलॉइड्स नावाचा बारीक जंत वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की तो शरीरभर पसरतो आणि जिवावर बेततो. धानपट्ट्यात रोवणीच्या वेळी बायामाणसे दिवसचे दिवस चिखलात उभी असतात, हे लक्षात घेता ही खबरदारी पुस्तकी नाही.

अतिसार थांबवणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. आजाराच्या तीव्र भडक्यात त्या घेतल्या तर आतडे सुस्त होऊन फुगण्याचा धोका असतो. अंगदुखीसाठी सर्रास घेतली जाणारी वेदनाशामक औषधेही काहींत भडका उडवतात. सिकलसेलच्या दुखण्यासाठी जे वारंवार अशा गोळ्या घेतात, त्यांनी शौचातून रक्त जात असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवे.

जंगल जिल्ह्यांत निदान इतके का लांबते?

पहिले कारण म्हणजे रक्ताच्या कमतरतेचे इथे आधीच ठरलेले खुलासे. सिकलसेल, मलेरिया, जंत, कुपोषण या चारही गोष्टी या पट्ट्यात खऱ्या आहेत. त्यामुळे हिमोग्लोबिन सात-आठवर आलेली तरुण मुलगी समोर आली की कारण शोधण्याआधीच ते ठरते. लोहाच्या गोळ्या सुरू होतात. ‘शौचातून रक्त जाते का?’ हा एक प्रश्न राहून जातो.

दुसरे कारण संकोच. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार आढळले. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासाने जगाला दाखवले की आजाराबद्दल कुणी बोलत नाही म्हणून आजार नाही असे होत नाही. शौच आणि रक्त हा विषय त्याहून फार मोकळा नाही. सासरी नव्याने आलेली मुलगी दिवसातून आठ वेळा संडासला जाते, हे ती सांगणार कुणाला?

तिसरे कारण अंतर. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणून तिथले अनेक जण उपचारासाठी नदी ओलांडून तेलंगणात वरंगळकडे जातात. कागद एका राज्यात, औषध दुसऱ्या राज्यात, बोली तिसरीच. ज्याला तासातासाला संडास लागते, त्याने एसटीत सहा-सात तास कसे बसावे? अनेक रुग्ण प्रवासाच्या आदल्या दिवसापासून उपाशी राहतात, आणि काही जण जाणेच टाळतात.

चौथी गोष्ट या भागाचीच. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात वाघाची दहशत रोजची आहे. घरात संडास नसेल किंवा त्यात पाणी नसेल, तर रात्री तीन वेळा बाहेर जाणे म्हणजे तीन वेळा जीव मुठीत धरणे. शहरात हा आजार लाजेचा आणि गैरसोयीचा असतो. इथे तो थेट जिवाशी येतो.

उपचार काय आहेत? आजार पूर्ण बरा होतो का?

औषधाने तो कायमचा जात नाही, पण बहुतेकांत आटोक्यात राहतो. मधुमेह किंवा रक्तदाबासारखाच तो सांभाळायचा असतो.

सौम्य आणि मध्यम आजारात मुख्य औषध मेसालामाईन. ते आतड्याच्या अस्तरावर काम करते. सूज गुदाशयापुरती असेल तर गुदद्वारातून ठेवायची त्याचीच गोळी किंवा औषधाचा एनिमा तोंडावाटे घ्यायच्या गोळीपेक्षा अधिक चांगले काम करतो. अनेक रुग्ण संकोचाने तो वापरत नाहीत आणि मग औषध लागू पडत नाही अशी तक्रार करतात. सल्फासालाझिन हे जुने आणि तुलनेने स्वस्त औषध आजही उपयोगी आहे. मात्र सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ते चालत नाही. जी-६-पीडी या द्रव्याची कमतरता असणाऱ्यांत त्याने रक्तपेशी फुटू शकतात. मलेरियाच्या प्रायमाक्विन गोळीबाबत घ्यायची खबरदारी इथेही लागते.

भडका मोठा असेल तर स्टेरॉइड देतात, पण ठरावीक आठवड्यांपुरतेच आणि मात्रा हळूहळू उतरवत. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोनमुळे अशा रुग्णांचे प्राण वाचतात हे दाखवून दिले. त्याआधी तीव्र भडका अनेकांचा जीव घेत असे. म्हणजे स्टेरॉइड वाईट नाही. ते निदानाविना घेणे, मनाने एकदम बंद करणे आणि वर्षानुवर्षे चालू ठेवणे वाईट. त्याने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग होतात.

स्टेरॉइड सोडताच आजार परत येत असेल, तर ॲझाथायोप्रिनसारखी औषधे देतात. ती चालू असताना पांढऱ्या पेशींची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते, कारण भारतीयांपैकी काहींत जनुकीय कारणाने या पेशी झपाट्याने घटतात. त्यापुढे इन्फ्लिक्सिमॅब, ॲडालिमुमॅब यांसारखी जैविक इंजेक्शने आणि टोफासिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. भारतीय कंपन्यांच्या पर्यायांमुळे त्यांच्या किमती उतरल्या, तरी मजुराच्या घराला त्या अजून झेपत नाहीत. ही औषधे सुरू करण्यापूर्वी दडलेला क्षयरोग तपासणे आवश्यक असते. काहीच लागू पडले नाही तर मोठे आतडे काढण्याची शस्त्रक्रिया हा पर्याय असतो. त्यानंतर माणूस कामधंदा करत जगू शकतो.

गरोदरपणाबद्दल गैरसमज मोठा आहे. बाळाच्या काळजीने अनेकींच्या गोळ्या घरचे बंद करतात. मेसालामाईन गरोदरपणात सहसा चालू ठेवता येते. आई आणि बाळ या दोघांना खरा धोका असतो तो भडकलेल्या आजाराचा. म्हणून निर्णय डॉक्टरांना विचारूनच व्हावा.

आणखी एक गोष्ट विसरू नये. आजार बराच काळ मोठ्या आतड्यात राहिला तर कर्करोगाचा धोका वाढतो. लक्षणे सुरू होऊन आठ वर्षे झाल्यावर त्रास नसला तरी दुर्बिणीची तपासणी करायची असते.

खाण्यापिण्याचे काय? आणि कुड्याची साल?

या आजाराला एकच एक पथ्य नाही. भडक्याच्या दिवसांत मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, केळी, उकडलेला बटाटा असे साधे खाणे सोसते. झणझणीत तिखट, तळलेले, कच्चे कोशिंबिरीचे पदार्थ तेवढ्यापुरते कमी करावेत. दूध पचत नसेल तर टाळावे, दही-ताक सोसत असेल तर चालते. मोहाची असो वा दुकानातली, दारू टाळणेच बरे. आजार शांत झाला की अंबाडीची भाजी, डाळी, अंडी, मासे असे चौरस जेवण पुन्हा सुरू करायला हवे. ‘पोटाला त्रास नको’ म्हणून वर्षभर फक्त पेज आणि भात खाणारा रुग्ण आजारापेक्षा उपासमारीनेच खंगतो.

कुड्याची साल आणि बेलफळ ही या जंगलाची जुनी औषधे. आवेवर कुडा पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो आणि त्या ज्ञानाची टिंगल करण्याचे कारण नाही. पण कोलायटिस आपोआपही काही काळ शांत होतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्या वेळी जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळते. मेसालामाईन सोडून केवळ सालीच्या काढ्यावर राहता येईल, याला आधार नाही. पुजाऱ्याकडे जायचे तर जावे, गोळी मात्र सोडू नये आणि काय घेतो ते डॉक्टरांपासून लपवू नये.

बरे वाटल्यावर गोळी बंद केली तर?

जपानचे सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिलेले शिंझो आबे यांना किशोरवयापासून हा आजार होता. २००७ मध्ये त्यांनी पद सोडले त्यामागे तो होता. नवे औषध लागू पडल्यावर २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि जवळपास आठ वर्षे त्यांनी देश चालवला. २०२० मध्ये आजार उलटल्याने त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. या उदाहरणात दोन्ही गोष्टी दिसतात. औषध चालू असेल तर माणूस कितीही मोठे काम पेलू शकतो, आणि हा आजार कुणाच्याही पदाचा मुलाहिजा राखत नाही.

आबेंना गोळीसाठी पूर ओलांडावा लागत नव्हता. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटणे ही मात्र दर पावसाळ्याची बातमी असते. त्या आठवड्यात गोळ्या संपल्या तर शांत असलेला आजार उसळी घेऊ शकतो. तेंदू-मोहाच्या हंगामात मुक्काम जंगलात असतो, रोवणीच्या काळात मजुरी बुडवून शहरात जाणे परवडत नाही. रुग्ण बेफिकीर असतो असे नाही, त्याचे कॅलेंडर डॉक्टरांच्या तारखांशी जुळत नाही.

पैशाचा प्रश्नही असाच आहे. आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत झाली, त्यात गडचिरोली होता. पण ही योजना मुख्यतः दाखल रुग्णांच्या उपचारांची. कोलायटिसच्या रुग्णाचा खरा खर्च रोजच्या गोळीचा, प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा असतो. गोळी परवडली नाही म्हणून बंद करायची आणि भडका उडाला की योजनेतून दाखल व्हायचे, हा उलटा हिशेब आहे. त्यात रुग्णही हरतो आणि सरकारचाही पैसा जास्त जातो.

तातडीने दवाखाना कधी गाठावा?

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच आणि त्याबरोबर ताप, बसल्या जागी नाडीचे ठोके नव्वदच्या वर, पोट फुगणे किंवा असह्य दुखणे, चक्कर येणे यापैकी काहीही असेल, तर उद्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. अशा वेळी वेदनाशामक किंवा जुलाब थांबवणारी गोळी घरी घेऊ नये.

मलेरिया, सिकलसेल असताना या आजाराकडे लक्ष का द्यावे?

हा आक्षेप रास्त आहे. आरोग्य कर्मचारी कमी, कामे जास्त. आशाताईंच्या वहीत आणखी एक रकाना वाढवायचा का? साडेतीनशे रुग्णांसाठी वेगळी मोहीम काढा, असे कुणी म्हटले तर ते चुकीचेच ठरेल.

पण इथे वेगळ्या मोहिमेची गरजच नाही. ‘तीन आठवड्यांवर शौचातून रक्त’ हा एक नियम लावला तर त्या जाळ्यात कोलायटिसबरोबर आतड्याचा क्षयरोग, हट्टी अमिबा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोगही सापडतो. रक्त कमी असलेल्या प्रत्येकाला हा एक प्रश्न विचारायला पैसा लागत नाही.

साध्या नियमाची ताकद गडचिरोलीने जगाला आधीच दाखवली आहे. बालकांच्या न्यूमोनियासाठी एक्स-रे आणि डॉक्टरांची वाट न पाहता गावातल्या माणसांनी श्वास मोजायचा आणि औषध द्यायचे, ही डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची पद्धत. तिने बालमृत्यू घटल्याचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तिथे श्वास मोजले, इथे आठवडे मोजायचे. औषध गावात द्यायचे नाही, फक्त माणूस वेळेत पुढे पाठवायचा.

मग प्रशासनाने काय करावे?

चंद्रपूरला २०१५ पासून आणि गडचिरोलीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपुरात एम्स आले आहे. दहा वर्षांपूर्वी नसलेली ही साखळी आता उभी राहते आहे, तिचा उपयोग करून घ्यायला हवा. दोन्ही जिल्ह्यांत आठवड्यातून एक ठरलेला दिवस छोट्या दुर्बिणीच्या तपासणीचा ठेवला, तर निदानासाठी प्रत्येकाने नागपूर गाठण्याची गरज उरणार नाही.

निदान झालेल्या रुग्णाला मेसालामाईन किंवा सल्फासालाझिन त्याच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांसारखे, दर महिन्याला मिळायला हवे. नाव, औषध आणि मात्रा जिल्ह्याने कळवायची, केंद्राने द्यायची. रुग्ण मोजकेच असल्याने साठा मोठा लागणार नाही. पांढऱ्या पेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणीही तिथेच व्हावी आणि तज्ज्ञांचा सल्ला ई-संजीवनीच्या पडद्यावर मिळावा, म्हणजे नागपूरची फेरी वर्षातून एक-दोनदाच पडेल.

आणि पावसाळ्याआधी दुर्गम गावांत जसे रेशनचे धान्य आगाऊ पोहोचवले जाते, तसा या रुग्णांना तीन-चार महिन्यांच्या गोळ्यांचा डबा मे महिन्यातच हाती द्यावा. त्यासाठी नवा कायदा किंवा वेगळा निधी लागत नाही. लागते ती एक यादी, आणि यादी करायची तर आधी रुग्ण ओळखावे लागतात.

दर वर्षी १९ मे हा आतड्याच्या या दाहक आजारांचा जागतिक दिन असतो. मोठ्या शहरांत त्या दिवशी व्याख्याने होतात. चंद्रपूर-गडचिरोलीत त्याच सुमारास तेंदूचा हंगाम चालू असतो आणि पावसाला जेमतेम तीन आठवडे उरलेले असतात. पुराआधी गोळ्यांचा डबा घरी पोहोचवण्यासाठी याहून चांगली तारीख शोधावी लागणार नाही.